झिरो माइलजवळचं जुनं मैदान

पातूरला रेल्वे नाही. कसोटी सामना पाहायचा तर आधी एसटीने अकोला गाठायचं, तिथून रात्रीची गाडी धरायची आणि सकाळी नागपूरच्या फलाटावर उतरायचं. पिशवीत पोळी-भाजी, ठेचा, पाण्याची बाटली. वऱ्हाडातल्या कित्येक क्रिकेटवेड्यांनी तरुणपणी हा प्रवास केला आहे. अकोल्याहून, मूर्तिजापूरहून, बडनेऱ्याहून चढलेली माणसं त्या गाडीत एकमेकांना ओळखायची ती हातातल्या ट्रान्झिस्टरवरून. नागपूर स्टेशनवर उतरल्यावर पुढे वाहनाचीही गरज नसे. सिव्हिल लाइन्समधलं विदर्भ क्रिकेट संघटनेचं मैदान तिथून पायी जाण्याइतकं जवळ. विधानभवन, रिझर्व्ह बँकेचा चौक, झिरो माइलचा दगड आणि हे मैदान असा सगळा परिसर एकमेकांना लागून आहे. शहराचं स्टेडियम शहराच्या मध्यात होतं. खेड्यातून आलेल्या माणसाला ते सापडायचं आणि संध्याकाळी परतीची गाडीही मिळायची.

या मैदानावर १९६९ ते २००६ या काळात ९ कसोटी सामने झाले. शेवटचा आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना ऑक्टोबर २००७मध्ये झाला. त्यानंतर मोठं क्रिकेट वर्धा रोडवरच्या जामठ्याला गेलं आणि सिव्हिल लाइन्सचं मैदान ‘जुनं व्हीसीए’ झालं. जामठ्याबद्दल भरपूर लिहिलं जातं. जुन्या मैदानाबद्दल लिहिलं जातं ते बहुधा एखाद्या विक्रमाच्या तळटिपेत. मला ते पुरेसं वाटत नाही. भारतीय क्रिकेटमधला मोठा आनंद, मोठी लाज आणि एक जीवघेणी दुर्घटना या एकाच जागेने पाहिली आहे. आणि विदर्भाच्या क्रिकेटची खरी कहाणी तर इथले मोठे सामने बंद झाल्यावर सुरू झाली.

सुरुवात मात्र फार मागे जाते. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू नागपूरचे. ३१ ऑक्टोबर १८९५ हा त्यांचा जन्मदिवस. हिस्लॉप कॉलेजचा हा विद्यार्थी डिसेंबर १९२६मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर एमसीसीविरुद्ध हिंदू संघाकडून खेळला आणि त्याने १५३ धावांत ११ षटकार मारले. भारताला कसोटीचा दर्जा मिळण्यात त्या खेळीचा वाटा मोठा होता, असं जुने समीक्षक मानत आले आहेत. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी झाली तेव्हा नाणेफेकीला तेच गेले. पण तोवर नायडू नागपूरचे उरले नव्हते. होळकर महाराजांनी त्यांना इंदूरला नेलं आणि पुढे होळकर संघाचा जो दबदबा झाला त्याचं श्रेय इंदूरला गेलं. आपल्याकडच्या गुणी माणसाने नाव काढायचं ते दुसऱ्याच्या गावाचं, ही रीत तेव्हापासूनची.

१९३०च्या दशकात रणजी स्पर्धा सुरू झाली तेव्हा आपला संघ ‘मध्यप्रांत आणि वऱ्हाड’ या नावाने खेळे. क्रिकेटच्या धावफलकावर वऱ्हाडचं नाव लागलं ते एवढंच. राज्यांची पुनर्रचना झाली, आपला प्रदेश आधी द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात आला. विदर्भाचा स्वतंत्र संघ त्याआधीच, १९५७-५८च्या मोसमात, रणजीत उतरला होता. राज्य एक आणि रणजीचे संघ तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. पहिल्या दोघांची गाठ पश्चिम विभागात पडायची. विदर्भ मध्य विभागात राजस्थान, रेल्वे, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश यांच्या सोबत. तिथे विदर्भ म्हणजे पूर्ण गुण मिळवून देणारा पाहुणा, असा प्रतिस्पर्ध्यांचा हिशेब असे. तो हिशेब अनेक दशकं बरोबरही ठरत राहिला.

अशा संघाच्या मैदानावर ३ ऑक्टोबर १९६९ रोजी पहिली कसोटी सुरू झाली. समोर ग्रॅहम डाउलिंगचा न्यूझीलंड संघ. मुंबईची पहिली कसोटी भारताने ६० धावांनी जिंकली होती. पतौडी कर्णधार, हाताशी बेदी, प्रसन्ना आणि वेंकटराघवन. न्यूझीलंडने तोवर भारतात एकही कसोटी जिंकलेली नव्हती, त्यामुळे नागपूरकर विजय पाहायच्या तयारीनेच आले असणार. न्यूझीलंडच्या ३१९ला भारताचं उत्तर २५७. दुसऱ्या डावात पाहुण्यांनी २१४ केल्या आणि भारतासमोर २७७चं लक्ष्य आलं. तेव्हा जे घडलं ते फिरकीच्या घरात येऊन फिरकीनेच केलेली चोरी होती. हेडली होवार्थ या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने पहिल्या डावात चार आणि दुसऱ्या डावात पाच गडी काढले. भारताचा डाव १०९ धावांत आटोपला आणि न्यूझीलंड १६७ धावांनी जिंकलं. भारताच्या भूमीवरचा त्यांचा पहिला कसोटी विजय नागपूरच्या नावावर नोंदला गेला.

पुढची कसोटी यायला १४ वर्षं लागली. ऑक्टोबर १९८३मध्ये झहीर अब्बासचा पाकिस्तान संघ आला तेव्हा कपिल देवचा संघ लॉर्ड्सवरून विश्वचषक आणून तीनच महिने झाले होते. सामना अनिर्णित राहिला. तीन वर्षांनी श्रीलंकेविरुद्ध मोहिंदर अमरनाथ आणि दिलीप वेंगसरकर यांनी शतकं केली, मणिंदर सिंगने दुसऱ्या डावात ५१ धावांत ७ गडी टिपले आणि या मैदानावर भारत प्रथमच कसोटी जिंकला. हे सामने पाहिलेली माणसं आज आजोबा झाली आहेत. पण त्यांना नागपूर विचारलं की ते कसोटीबद्दल बोलत नाहीत. ते १९८७बद्दल बोलतात.

रिलायन्स विश्वचषकातला भारत-न्यूझीलंड सामना ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी नागपूरला ठेवला गेला. सी. के. नायडूंचा जन्मदिवस. उपांत्य फेरीत तर भारत पोचलाच होता, प्रश्न होता कुठे खेळायचं याचा. गटात पहिला आला तर मुंबईत इंग्लंडशी, दुसरा आला तर लाहोरला जाऊन पाकिस्तानशी. ऑस्ट्रेलियाचे आणि भारताचे गुण सारखे होणार होते, म्हणून धावगतीचं गणित मांडलं गेलं. न्यूझीलंडचा डाव संपल्यावर ते गणित असं उरलं: २२२ धावा, त्याही ४२.२ षटकांच्या आत.

त्याआधी चेतन शर्माने एक काम करून ठेवलं होतं. आपल्या सहाव्या षटकात त्याने केन रदरफोर्ड, इयान स्मिथ आणि यूएन चॅटफिल्ड यांना लागोपाठच्या तीन चेंडूंवर बाद केलं. तिघांचेही त्रिफळे उडाले. ना पंचांचा निर्णय, ना झेल, वादाला जागाच नाही. विश्वचषकाच्या इतिहासातली ती पहिली हॅट्ट्रिक. पुढे कित्येक हॅट्ट्रिक झाल्या, पण पहिली सिव्हिल लाइन्सच्या मातीत झाली हे कुणाला बदलता येणार नाही.

मग गावसकर खेळायला आला. ३८ वर्षांचा, अंगात ताप, कसोटीतून निवृत्त झालेला. एकदिवसीय क्रिकेटमध्ये १०६ सामने खेळूनही एकही शतक नाही. १९७५च्या विश्वचषकात ६० षटकं खेळून नाबाद ३६ करणारा हाच माणूस, हे लोक विसरले नव्हते. अशा फलंदाजाकडून धावगतीच्या शर्यतीत कुणी काय अपेक्षा करावी? त्याने चॅटफिल्डच्या एकाच षटकात दोन षटकार आणि दोन चौकार मारले. दुसऱ्या बाजूला श्रीकांत. सहसा श्रीकांत धावायचा आणि गावसकर सावरायचा, त्या दिवशी दोघेही सुटले होते. श्रीकांत ७५ करून बाद झाला तेव्हा १३६ धावा लागल्या होत्या. गावसकरने ८५ चेंडूंत शतक पूर्ण केलं आणि ८८ चेंडूंत नाबाद १०३वर थांबला. ४२.२ षटकांची मुदत होती, भारताने ३२.१ षटकांतच सामना जिंकला. सामनावीराचा मान गावसकर आणि चेतन शर्मा यांना विभागून मिळाला.

हे त्याचं पहिलं आणि शेवटचं एकदिवसीय शतक. पाच दिवसांनी मुंबईत इंग्लंडविरुद्ध त्याचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना झाला. त्यात तो चार धावांवर त्रिफळाचीत झाला आणि भारत ३५ धावांनी हरला. नागपूरच्या धडाक्याने भारताला घरचं मैदान मिळवून दिलं आणि घरच्या मैदानावरच भारत बाहेर पडला. लाहोरला गेलेल्या ऑस्ट्रेलियाने पाकिस्तानला हरवून पुढे चषकही जिंकला. जुनी माणसं अजूनही या ‘जर-तर’वर रात्र काढू शकतात. मला स्वतःला तो वाद महत्त्वाचा वाटत नाही. मुंबईच्या गावसकरने आयुष्यभर जे केलं नाही ते विदर्भाच्या लोकांसमोर एकदा केलं. ते पाहायला लोक रात्रभर रेल्वेच्या दारात उभे राहून आले होते. त्यांच्यासाठी तो सामना तिथेच पूर्ण झाला.

यानंतरच्या काळात एकदिवसीय सामन्यांची गर्दी वाढतच गेली. टीव्ही घरोघर पोचला, जाहिराती आल्या, छोट्या शहरांतली स्टेडियमं वर्षाला एक-दोन सामन्यांसाठी फुगवली जाऊ लागली. सगळ्या देशभर हेच चाललं होतं: मैदान जुनं, रस्ते अरुंद, दारं मोजकी, आणि त्यावर नवे स्टँड चढवत जायचं.

२६ नोव्हेंबर १९९५. पुन्हा न्यूझीलंड. नेथन ॲस्टलने ११४ केल्या आणि पाहुण्यांनी ३४८ धावांचा डोंगर रचला. दोन डावांच्या मधल्या सुट्टीत लोक जेवायला, पाणी प्यायला उठले. त्या गर्दीत स्टँडची एक भिंत कोसळली आणि प्रेक्षक तिच्याखाली सापडले. काहींनी जागीच प्राण सोडले, अनेक जखमी झाले. सामना थांबवला गेला नाही. दुसरा डाव ठरल्यासारखा सुरू झाला, भारत २४९वर बाद झाला, न्यूझीलंड ९९ धावांनी जिंकलं, आणि निकाल नोंदवला गेला.

धावफलक उघडून पाहिला तर त्यात त्या माणसांचा मागमूस नाही. सामना का चालू ठेवला याची कारणं त्या वेळी दिली गेली असतील. हजारोंच्या गर्दीला एकदम बाहेर काढलं तर चेंगराचेंगरीची भीती असते, हे खरं आहे. तरीही सामन्याचं तिकीट काढून घरून निघालेला माणूस ढिगाऱ्याखालून बाहेर काढला जातो आणि तिकडे नवा चेंडू हातात घेतला जातो, हे चित्र मनाला पटत नाही. स्टेडियम पडतं ते खेळामुळे पडत नाही. बांधणाऱ्याने, तपासणाऱ्याने आणि परवानगी देणाऱ्याने जिथे कसूर केली तिथून ते पडतं. बाराच महिन्यांत दुसरीकडे गर्दी जमते आणि सगळे विसरतात. इथे तर बारा महिनेही लागले नाहीत. १ मार्च १९९६ रोजी याच मैदानावर विश्वचषकाचा ऑस्ट्रेलिया-झिंबाब्वे सामना झाला, शेन वॉर्नने चार गडी घेतले आणि वर्तमानपत्रांची पानं पुन्हा भरून गेली.

आनंद झाला, दुःख झालं. लाजेची पाळी २०००मध्ये आली.

१९ मार्च २०००. दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा पाचवा एकदिवसीय सामना. मालिका भारताने आधीच जिंकली होती. सौरव गांगुलीची ती पूर्णवेळ कर्णधार म्हणून पहिलीच मालिका. मालिकेचा निकाल लागल्यानंतरच्या अशा सामन्याला क्रिकेटमध्ये फारसं कुणी विचारत नाही, आणि सट्टेबाजांना हवे असतात ते असेच सामने. आफ्रिकेचा कर्णधार हान्सी क्रोनिए आपल्या संघातल्या दोन खेळाडूंकडे गेला. हर्शेल गिब्जने २०पेक्षा कमी धावा करायच्या, हेन्री विल्यम्सने ५०हून जास्त धावा द्यायच्या, आणि संघाची धावसंख्या २७०च्या आत ठेवायची. दोघांना प्रत्येकी १५ हजार डॉलर. दोघंही कृष्णवर्णीय-मिश्रवंशीय समाजातले, आणि विचारणारा देशाचा लाडका गोरा कर्णधार. कुणाला विचारलं जातं आणि कुणाला नाही, यातही एक गणित असतं.

दोघांनी होकार दिला. पण मैदानावर भलतंच घडलं. गिब्ज खेळायला लागला आणि थांबला नाही. ५३ चेंडूंत ७४. आफ्रिकेने ३२० केल्या. विल्यम्सचा खांदा दुसऱ्याच षटकात दुखावला आणि तो मैदानाबाहेर गेला. ठरलेल्यापैकी एकही गोष्ट झाली नाही. आफ्रिका १० धावांनी जिंकली. स्टँडमधल्या हजारो माणसांनी गिब्जच्या फटक्यांना टाळ्या दिल्या असतील. त्यांना कुठे माहीत होतं की त्या टाळ्या एका मोडलेल्या सौद्याला मिळत होत्या.

७ एप्रिलला दिल्ली पोलिसांनी क्रोनिएचं टेलिफोनवरचं संभाषण जाहीर केलं. आधी कुणाचाच विश्वास बसला नाही. चार दिवसांनी त्याने कबुली दिली. जूनमध्ये केपटाउनला न्यायमूर्ती किंग यांच्या आयोगासमोर गिब्जने साक्ष दिली आणि नागपूर हे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत छापलं गेलं. गिब्ज आणि विल्यम्स यांच्यावर सहा महिन्यांची बंदी आली, क्रोनिएवर आजन्म. दोन वर्षांनी, १ जून २००२ रोजी, विमान अपघातात तो गेला. सामनानिश्चितीची चर्चा तोवर कुजबुजीत होती. ती पुराव्यासह उघड्यावर आली ती या प्रकरणामुळे, आणि त्याचा एक महत्त्वाचा धागा सिव्हिल लाइन्सच्या खेळपट्टीवर होता. मैदानाचा यात काही दोष नाही. पण भारतीय क्रिकेटवरचा विश्वास कुठे कुठे तडकला याचा नकाशा काढला तर आपल्या नागपूरवर एक खूण करावीच लागेल.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झिंबाब्वेचा अँडी फ्लॉवर इथे आला. भारताने धावांची रास घातली, सचिन नाबाद २०१, द्रविड १६२. झिंबाब्वेवर फॉलोऑनची वेळ आली. फ्लॉवरने दुसऱ्या डावात नाबाद २३२ केल्या आणि सामना वाचवला. यष्टिरक्षकाने कसोटीत केलेली ही सर्वोच्च खेळी. मार्चमधल्या सामन्यानंतर क्रिकेटवरून मन उडालेल्या माणसाने ही खेळी पाहिली असती तर त्याला पुन्हा तिकीट काढावंसं वाटलं असतं. दुबळ्या देशाचा एक माणूस दोन दिवस खेळपट्टीवर ठाण मांडून बसतो, समोर कुंबळे नसला तरी फिरकीपटू रांगेत उभे असण्याचा हा देश, आणि त्याचा स्वीप चुकत नाही. या मैदानावरची सर्वांत मोठी फलंदाजी कोणती असं विचारलं तर गावसकरप्रेमींची क्षमा मागून मी फ्लॉवरचं नाव घेईन.

२००४च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलिया आली. भारतात मालिका जिंकून त्यांना ३५ वर्षं झाली होती. शेवटचा विजय बिल लॉरीच्या संघाचा, १९६९-७०च्या मोसमातला. म्हणजे नागपूरने पहिली कसोटी भरवली तोच मोसम. तिसऱ्या कसोटीच्या आधी लोकांनी खेळपट्टी पाहिली आणि डोळे चोळले. ती हिरवी होती. फिरकीवर जगणाऱ्या यजमानांनी मॅकग्रा, गिलेस्पी, कॅस्प्रोविच यांच्यासाठी गवत राखून ठेवलं होतं. क्युरेटरने ते कापलं नाही. यावरून तर्क-कुतर्क पुष्कळ झाले, क्रिकेट मंडळाच्या राजकारणाशी त्याचा धागा जोडला गेला. सामन्याच्या दिवशी गांगुली दुखापतीमुळे खेळला नाही आणि द्रविडने नाणेफेकीला जायची वेळ आली. मॅकग्राची ती शंभरावी कसोटी. डॅमियन मार्टिनने ११४ आणि ९७ केल्या, गिलेस्पीने नऊ गडी घेतले, भारत ३४२ धावांनी हरला आणि ॲडम गिलख्रिस्टच्या संघाने मालिका खिशात घातली.

खेळपट्टी कुणाच्या सोयीची करायची, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी विचारला जातो. त्या वेळी नागपूरला देशद्रोही ठरवण्यापर्यंत काहींची मजल गेली. मला यात एक वेगळी गोष्ट दिसते. ज्या गवताला लोक शिव्या देत होते, तसल्याच खेळपट्ट्यांवर वेगवान गोलंदाज तयार होतात. पुढच्या काही वर्षांत विदर्भाने नेमके तेच तयार केले.

१ मार्च २००६ला इथली शेवटची कसोटी सुरू झाली. इंग्लंडच्या संघात ऐनवेळी वेस्ट इंडीजहून बोलावलेला एक २१ वर्षांचा मुलगा होता, ॲलिस्टर कुक. पदार्पणातच ६० आणि नाबाद १०४. पुढे तो इंग्लंडतर्फे १२ हजारांवर कसोटी धावा करणारा पहिला फलंदाज झाला. माँटी पानेसरही त्याच सामन्यात पहिल्यांदा खेळला. त्याचा पहिला बळी सचिन तेंडुलकर, पायचीत. भारतासाठी दुसऱ्या डावात वसीम जाफरने आपलं पहिलं कसोटी शतक केलं. मोजून १००. जाफरचं नाव इथे लक्षात ठेवायला हवं.

१४ ऑक्टोबर २००७ रोजी ऑस्ट्रेलियाविरुद्धचा एकदिवसीय सामना भारत १८ धावांनी हरला आणि मोठ्या क्रिकेटने या मैदानाचा निरोप घेतला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये जामठ्याच्या नव्या स्टेडियमवर पहिली कसोटी झाली. गांगुलीचा निरोपाचा सामना, बॉर्डर-गावसकर चषक परत मिळवून देणारा विजय. खुर्च्या नव्या, गाड्या लावायला जागा भरपूर, खेळाडूंच्या सोयी उत्तम. आणि स्टँड बरेचसे रिकामे. शहरापासून लांब महामार्गावर, जायला स्वतःचं वाहन हवं, आणि कामाच्या दिवशी पाच दिवस कोण जाणार? नवं स्टेडियम बांधणं आवश्यक होतं, यात वाद नाही. १९९५ची भिंत ज्याने पाहिली तो जुन्या मैदानावर चाळीस-पंचेचाळीस हजार माणसं पुन्हा बसवा असं म्हणणार नाही. पण अकोल्याहून गाडीने येऊन पायी स्टेडियमला जाणारा प्रेक्षक जामठ्याच्या नकाशात बसत नव्हता. तो घरी टीव्हीसमोर बसला.

सिव्हिल लाइन्सचं मैदान ओस पडेल, जमिनीचा भाव पाहून कुणीतरी त्यावर डोळा ठेवेल, अशी भीती होती. झालं उलटं. मोठ्या सामन्यांची धांदल गेल्यावर मैदान मोकळं झालं, रोजच्या खेळासाठी. संघटनेने निवासी अकादमी काढली, भारताकडून खेळलेले नागपूरचे वेगवान गोलंदाज प्रशांत वैद्य तरुणांच्या घडणीत लक्ष घालू लागले, सुब्रतो बॅनर्जींसारखा प्रशिक्षक गोलंदाजांना मिळाला. खापरखेड्याजवळच्या वलनीतला, खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव नोव्हेंबर २०११मध्ये कसोटी खेळला. विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत पोचलेला तो पहिला. १९५७पासून ५४ वर्षं लागली.

मग वसीम जाफर विदर्भात आला. मुंबईने घडवलेला, नागपुरात पहिलं कसोटी शतक केलेला हा फलंदाज उतारवयात आपल्या संघाकडून खेळू लागला. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, फैज फजल कर्णधार. डिसेंबर २०१७मध्ये कोलकात्याला उपांत्य सामन्यात कर्नाटकला पाच धावांनी हरवलं. पाच धावा! रजनीश गुरबानीने त्या सामन्यात बारा गडी घेतले. इंदूरच्या अंतिम सामन्यात त्याने दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक केली, रणजीच्या अंतिम सामन्यातली दुसरी. अक्षय वाडकरने १३३ केल्या. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ नऊ गडी राखून रणजी विजेता झाला. ज्या इंदूरने नायडूंना नेलं होतं, त्याच इंदूरमध्ये. पुढच्या वर्षी विजेतेपद राखलं, त्या मोसमात जाफरच्या धावा १०३७. २०२५च्या मार्चमध्ये वाडकरच्या नेतृत्वाखाली तिसऱ्यांदा विजेते झालो आणि हर्ष दुबेने मोसमात ६९ गडी घेऊन स्पर्धेचा विक्रम मोडला.

या संघात आता वऱ्हाडही आहे, नुसतं नावापुरतं नाही. अकोल्याचा वेगवान गोलंदाज आदित्य ठाकरे रणजीत पहिल्यांदा खेळला तो थेट इंदूरच्या त्या अंतिम सामन्यात, आणि तिथून १९ वर्षांखालच्या विश्वचषकासाठी न्यूझीलंडला गेला. अथर्व तायडे अकोल्याचा. जितेश शर्मा अमरावतीचा, तो भारताकडून टी-ट्वेंटी खेळला. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काळात नावात वऱ्हाड होतं, आज खेळात आहे.

जुन्या मैदानावर आजही देशांतर्गत सामने होतात, वयोगटांचे संघ खेळतात, सराव चालतो. पण स्टँडचं काँक्रीट दशकांपूर्वीचं आहे आणि विदर्भाचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जाणारा, पावसाळा झोडपून काढणारा. अशा हवेत काँक्रीटला बारीक चिरा पडतात, पाणी आत शिरतं, सळई गंजते आणि फुगून वरचा थर फोडते. हे बाहेरून दिसायला लागतं तेव्हा आतलं काम पुष्कळ झालेलं असतं. म्हणून अशा जुन्या बांधकामांची ठरलेल्या काळाने तपासणी होणं आणि तिचा अहवाल लोकांना वाचायला मिळणं गरजेचं आहे. सामना रणजीचा असो की शाळेतल्या पोरांचा, स्टँडमध्ये दोनशे माणसं बसली तरी ती माणसंच आहेत. ज्या मैदानावर एकदा भिंत पडली, तिथे तरी हे सांगावं लागू नये.

आणि एक मागणी. स्टेडियमांच्या भिंतींवर कर्णधारांची, विक्रमांची, देणगीदारांची नावं लागतात. गावसकरचं शतक, चेतन शर्माची हॅट्ट्रिक, फ्लॉवरचे २३२ यांचा मान त्यांना मिळायलाच हवा. त्यांच्या बरोबरीने, तितक्याच मोठ्या अक्षरांत, २६ नोव्हेंबर १९९५ रोजी इथे प्राण गमावलेल्या प्रेक्षकांची नावं या मैदानाच्या दर्शनी भागात असावीत. विदर्भ क्रिकेट संघटनेकडे आज पैसा आहे, विजेतेपदं आहेत, देशात मान आहे. हे काम करायला तिला एक दिवसही पुरेल.